सायकलचे खोगीर

सायकलचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी तो बहुधा चाकापासून लिहिला. लाकडी चाक गेले, लोखंडी आले. भरीव रबर गेले, हवेचे टायर आले. मग साखळी, मग ब्रेक, मग गिअर. हे सारे खरेच आहे. पण वाचकहो, चाक टेकते ते रस्त्याला. माणूस टेकतो तो सीटला. आणि माणूस जिथे टेकतो तिथला इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. शरीराच्या त्या भागाबद्दल चारचौघांत बोलू नये असा संकेत आहे, हे त्याचे एक कारण असेल. पण दुखायला लागले म्हणजे संकेत काय कामाचा?

भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारी या बाजूच्या रस्त्यांवर सकाळी सातच्या सुमाराला जरा उभे राहा. भोंपू वाजवीत इडलीवाला जातो. हँडलला चहाची किटली अडकवलेला पोऱ्या जातो. रात्रपाळी संपवून वॉचमन घराकडे निघालेला असतो, आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारणारा कामगार त्याच वेळी कामाला निघालेला असतो. आपण एरवी त्यांच्या कॅरिअरवरचा माल पाहतो. एक दिवस माल सोडून सीट पाहा. एकीवर प्लास्टिकची पिशवी ओढलेली, एकीवर झालरीचे स्पंजाचे कव्हर, एकीला जुना टॉवेल सुतळीने करकचून बांधलेला, एकीवर फाटक्या पँटीचा तुकडा. कारखान्यातून आली तशी उघडी सीट तुम्हाला शोधावी लागेल. सायकल जन्माला येऊन दोनशे वर्षे उलटली आणि अजून तिच्या सीटला टॉवेल बांधावा लागतो, हे काय गौडबंगाल आहे?

याचे उत्तर शोधायला आधी घोड्याकडे जावे लागते. आणि त्यासाठी भाईंदर सोडून लांब जायला नको. घोडबंदर जवळच आहे. आज भाईंदर आणि घोडबंदर दोन्ही एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. घोड्यांचे बंदर ते घोडबंदर, अशी त्या नावाची उकल सांगतात. पोर्तुगीज अमदानीत अरबी घोडे या खाडीत उतरत, म्हणे. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीची मोहीम काढली तेव्हा घोडबंदर घेतले, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने खाडीपलीकडची वसई सर केली. या फौजेच्या भाषेतले दोन शब्द आपल्याला हवे आहेत: शिलेदार आणि बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा मिळे सरकारी पागेतून. आता घोडा ज्याचा, खोगीरही त्याचेच. शिलेदाराचे खोगीर त्याच्या एकट्याच्या बैठकीखाली मळलेले, बसून बसून त्याच्या अंगाचे झालेले. बारगिराने मात्र पागेत जे समोर येईल ते कसायचे आणि निघायचे. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खोगिरानेही मराठीला एक शब्द दिला आहे: खोगीरभरती. खोगिराच्या आत काय भरले आहे ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा लोकर, चिंध्या, जुनेपाने जे हाताशी येईल ते कोंबायचे. यावरून निरुपयोगी वस्तूंच्या किंवा माणसांच्या भरताडाला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. सभासमित्यांच्या संदर्भात हा शब्द आपण इतका वापरला, की तो मुळात एका बसण्याच्या वस्तूबद्दल आहे हे विसरून गेलो. सायकलच्या सीटची सगळी गोष्ट मात्र या एका शब्दाभोवती फिरते.

जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हते. वर बसायचे आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पळायचे. त्याआधी १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने १८१६ चा युरोपातला उन्हाळा बुडाला, पिके गेली, वैरण महागली, घोडे पोसणे जड झाले. त्यातून ड्राइसला बिनवैरणीचे वाहन सुचले, असे काही अभ्यासक म्हणतात. सर्वांना हे मान्य नाही. पण त्या यंत्रावर बसायला जे ठेवले होते ते मात्र घोड्याच्याच घराण्यातले, आत भर घातलेली गादी. पुढच्या बाजूला हात टेकायलाही अशीच एक गादी लावलेली फळी होती. गादी चालून गेली, कारण माणसाचा बराचसा भार पायांवरच होता.

खरी पंचाईत झाली ती पाय जमिनीवरून उचलले तेव्हा. १८६० नंतर पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या सायकली बाहेर पडू लागल्या. लाकडी चाक, वर लोखंडी धाव, खाली फरसबंदी रस्ता. सीट एका लांबलचक पोलादी पट्टीवर बसवलेली असे, तरी इंग्रजांनी या वाहनाचे नाव ठेवले ते हाडे खिळखिळी करणारे यंत्र असेच. मग उंच चाकाच्या सायकली आल्या. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे अगदी चिमुकले, आणि स्वार बसलेला थेट मोठ्या चाकाच्या माथ्यावर. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात असल्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून गेला. वाटेत लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला. त्याची बैठक कशी टिकली असेल ते तोच जाणे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्रीत साखळीची, जवळजवळ सारख्या चाकांची रोव्हर सायकल काढली. आजची आपली सायकल तिचीच लेक. आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले. त्या दिवसापासून सीटचे निम्मे काम टायरने उचलले असे म्हणायला हरकत नाही. उरलेल्या निम्म्याचे काय, ते आता पाहू.

बर्मिंगहॅममध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ साली घोड्यांचे चामडी सामान बनवण्याचा धंदा सुरू केला होता. त्याचा घोडा १८७८ साली मेला, नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने एक सायकल उसनी आणली आणि तिची सीट त्याला असह्य झाली, ही कथा त्याची कंपनी आजवर सांगत आली आहे. व्यापाऱ्यांच्या कथा थोड्या कसून घ्याव्यात. पण १८८२ साली त्याने सायकलच्या चामडी सीटचे पेटंट घेतले हे खरे, आणि घोड्याचे सामान करणाऱ्या माणसाने घोड्याच्या खोगिराची नक्कल केली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. त्याने भरताड काढूनच टाकले.

या सीटची रचना समजावून घेण्यासारखी आहे. आपल्याकडची बाज डोळ्यांसमोर आणा. बाजेला चौकट असते, चौकटीवर सुंभ विणलेला असतो, आणि सुंभाखाली असते निव्वळ हवा. माणूस झोपला की दोरी त्याच्या अंगाप्रमाणे खाली जाते, खांद्याशी जास्त, कमरेशी कमी. गादीची कापसाची गाठ टोचते तसे इथे काही टोचत नाही. ब्रुक्सची सीट म्हणजे ही बाजच. पुढे एक निमुळते टोक, मागे एक रुंद पोलादी कड, आणि दोहोंच्या मधे जाड गोचर्माचा एकच तुकडा, ओला असताना साच्यात बसवून वाळवलेला आणि कडांना रिव्हेट मारून ताणलेला. खाली काही नाही. बाज सैल पडली की आपण पायथ्याकडची दोरी ओढतो. सीटच्या टोकाखाली तसाच एक नट असतो, चामडे लोंबू लागले की त्याला थोडा पीळ द्यायचा. थोडाच, बरं का. उत्साहाच्या भरात पिळत सुटलात तर चामडे रिव्हेटपाशी फाटते.

नवी चामडी सीट लाकडासारखी कडक असते. पहिल्याच दिवशी बसणारा माणूस ती परत करायला निघतो. पण काहीशे किलोमीटर झाले की चामड्यावर दोन उथळ खळगे उमटतात. हे खळगे बसणाऱ्याच्या हाडांच्या मापाचे असतात, आणि एकदा उमटले की ती सीट त्याची झाली; दुसऱ्याला ती तितकीशी मानवत नाही. पाहा, शिलेदाराचे खोगीर परत आले! या नमुन्याच्या सीटा १८९० च्या दशकापासून आजतागायत बनत आल्या आहेत. २००२ साली ती कंपनी एका इटालियन सीटवाल्यांनी विकत घेतली, तरी चामडे ताणण्याची रीत बदलली नाही.

आपल्या मुलखात सायकल आली ती अर्थातच शिलेदारांसाठी. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावला त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढची. त्या घराण्याच्या उद्योगाचा श्रीगणेशा सायकलच्या दुकानात झाला. त्या काळी सायकल विकत घेणारा म्हणजे वकील, डॉक्टर, अंमलदार, फार तर एखादा हौशी संस्थानिक. त्याची सायकल त्याची एकट्याची, सीटही त्याच्या एकट्याची. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परत आले, सुमारे ७१ हजार किलोमीटर तोडून. त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. साडेचार वर्षे एकाच बैठकीवर बसणे याला काय म्हणावे? आपल्याकडे ऋषींच्या आसनसिद्धीच्या कथा सांगतात, तेही एका जागी बसत. या तिघांचे आसन तर वाळवंटातून हादरे खात चालले होते.

पण सायकल जसजशी खालच्या थरात आली तसतसा बारगीर पुढे आला. गावोगाव ताशी भाड्याने सायकल देणारी दुकाने निघाली. पन्नाशी-साठी उलटलेल्या कितीतरी वाचकांनी सायकल शिकली ती अशाच भाड्याच्या सायकलवर. त्या सायकलच्या सीटचे वर्णन काय करावे! रोज वीस जण वीस उंचीचे, त्यामुळे सीटचा नट इतक्यांदा फिरलेला की तो कुठेच घट्ट राहत नसे. पायडल मारता मारता सीट गाईच्या शेपटीसारखी डावी-उजवी व्हायची. चामडे सगळ्यांचे झाले ते कोणाचेच झाले नाही. मधे पन्हळ पडलेली, कडा वर आलेल्या. तिच्यावर बसून आल्यावर मुले आईपासून काय लपवीत ते सांगायला नको. २०१७-१८ मध्ये पुण्यात रस्तोरस्ती मोबाइलवरून भाड्याने घेण्याच्या रंगीत सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्यांच्या अपयशाची कारणे वेगळी आहेत. पण त्यांच्या दणकट, कोणालाही न बोचणाऱ्या आणि कोणालाही न मानवणाऱ्या सीटा पाहिल्या की वाटे, पागा नवी आहे, बारगीर तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर सायकलींचे मोठे कारखाने आपल्या देशात उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल होतीच. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियान्याला हीरो. काळी, दणकट, दुहेरी स्प्रिंगांच्या रुंद सीटची सायकल आता शिक्षकाच्या, टपालवाल्याच्या, गिरणी कामगाराच्या दाराशी लागली. पुढे सायकल स्वस्त राहावी म्हणून जिथे जिथे काटकसर झाली त्यांत सीट आघाडीवर होती. चामडे गेले, स्प्रिंगांच्या जाळीवर रेक्झिन आले. मग जाळीही गेली, प्लास्टिकच्या पत्र्यावर स्पंजाचा थर आणि वर रेक्झिनचा बुरखा. म्हणजे फिरून खोगीरभरतीच. ब्रुक्सने जे काढून टाकले ते आपण परत कोंबले.

यात निव्वळ कारखानदाराचा दोष काढणे बरोबर होणार नाही. चामड्याला माणसासारखी निगा लागते. ते भिजवायचे नाही, भिजले तर उन्हात तापवायचे नाही, मधून मधून मेण चोळायचे, दोरी ओढावी तसा नट ओढायचा. आमच्या कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस पडतो त्यात दूधवाल्याने हे कधी करावे? चामड्याला बुरशी धरते आणि ओलसर चामड्यावर कोणी बसला की त्याची झोळी होते. त्यातून भाईंदर. एका अंगाला वसईची खाडी, सभोवती मिठागरे. मिठागरांचे गाव म्हणूनच हे कैक पिढ्या ओळखले गेले. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या वर मोजली गेली. गावाचे शहर झाले तरी वारा खाराच राहिला. खाऱ्या वाऱ्यात सीटच्या स्प्रिंगा आणि रिव्हेट गंजतात, आणि मग सायकल प्रत्येक खड्ड्याला कुरकुरते. गंमत अशी की भाईंदर पूर्वेची औद्योगिक गाळ्यांची वस्ती ओळखली जाते ती स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी. जन्मभर न गंजणारी पातेली इथे घासून चकचकीत होतात, आणि ती चकचकीत करणारा गडी घरी जातो तो गंजक्या स्प्रिंगेवर बसून.

आता त्या टॉवेलाचे आणि पिशवीचे गौडबंगाल उलगडते. रेक्झिन पाऊस झेलते खरे, पण एकदा चीर पडली की आतला स्पंज पाणी पितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे पाणी बसणाऱ्याच्या पँटला परत करतो. म्हणून पिशवी. उन्हात उभ्या केलेल्या सायकलचे रेक्झिन तव्यासारखे तापते आणि घामाने चिकटते. म्हणून टॉवेल. टॉवेल मऊपणासाठी बांधतात असे आपण समजतो. बांधणाऱ्याला विचारा, तो उन्हाचे आणि घामाचे नाव घेईल. पँटीचा तुकडा बांधणारा माणूस अडाणी नाही. त्याने आपल्या हवेचा अभ्यास सीट बनवणाऱ्यापेक्षा जास्त केला आहे.

झालरीच्या स्पंजी कव्हराबद्दल मात्र मला दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत, कारण तिथे खोगीरभरतीने माणसाला खरोखर फसवले आहे. हे वाचताना तुम्ही लाकडी खुर्चीवर किंवा बाकावर बसला असाल तर दोन्ही तळहात क्षणभर अंगाखाली घाला. तळव्याला दोन कठीण उंचवटे लागतील. ही आपली बैठकीची हाडे. निसर्गाने माणसाला बसण्यासाठी दिलेली जागा एवढीच. सीट कितीही महाग असो, तिने भार घ्यायचा तो या दोन हाडांवर. हाडांच्या मधला भाग मऊ. त्यातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्यावर भार पडता कामा नये. आता फार मऊ, जाड स्पंजावर बसले म्हणजे काय होते? दोन हाडे स्पंजात रुततात आणि मधला स्पंज फुगून वर येतो, नेमका जिथे दाब नको तिथे. दुकानात अंगठ्याने दाबून पाहताना जी सीट लोण्यासारखी लागते, ती तासाभराने मुंग्या आणते याचे कारण हे. लहान फेरीला, भाजी आणायला, ती वाईट नाही. पण जो दिवसाचे चार-पाच तास तिच्यावर काढतो त्याला ती वैरीण आहे.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना बधिरपणाचा त्रास होतो अशी तक्रार होती. तिथल्या सरकारच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने तपासणी केली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सीटचे पुढचे निमुळते टोक मधल्या मऊ भागावर दाब देते. टोक नसलेली सीट ९० पोलिसांना सहा महिने वापरायला दिली तेव्हा बधिरपणा पुष्कळ कमी झाला. टोक नसले की सायकल मांडीने सावरणे थोडे अवघड जाते, म्हणून अशा सीटा फारशा रुळल्या नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याचे पोट सायकलवर आहे अशा माणसाच्या बैठकीची चौकशी सरकारने केली ती पोलिसांची. आपल्याकडच्या इडलीवाल्याचा, वॉचमनचा, कुरिअरवाल्याचा मालक त्याला सायकल देतो तेव्हा तो त्याची उंचीसुद्धा विचारत नाही.

बायकांच्या बाबतीत तर ही उपेक्षा जास्तच जुनी. स्त्रीच्या कमरेच्या हाडांची ठेवण सर्वसाधारणपणे पुरुषापेक्षा रुंद असते, म्हणून बैठकीची दोन हाडेही एकमेकांपासून अधिक लांब असतात. पुरुषाच्या मापाच्या अरुंद सीटवर ती कडेला लोंबतात आणि भार नको तिथे जातो. १८९० च्या सुमारास विलायतेत नि अमेरिकेत बायका सायकली चालवू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी मोठे काहूर उठवले. त्या काहुरात नीतीची चिंता जास्त आणि हाडांची कमी होती. तरी त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. मधे मोकळी जागा सोडून दोन हाडांना दोन वेगळ्या गाद्या देणाऱ्या सीटा बाजारात आल्या. अमेरिकेतली ख्रिस्टी सीट ही त्यांतली नावाजलेली. ती पुढे मागे पडली, आणि मधे खाच ठेवलेल्या सीटा गेल्या काही दशकांत पुन्हा आल्या तेव्हा जणू नवाच शोध लागला असा गाजावाजा झाला. आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हणजे काय, तर साडीसाठी मधला दांडा खाली वाकवलेला. साडीचा विचार झाला, साडी नेसणारीचा राहिला. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिने काय बसण्याजोगे निवडले असेल ते नीट मापूनच निवडले असणार. पण शाळेसाठी रोज सहा-आठ किलोमीटर सायकल मारणाऱ्या आठवीतल्या मुलीला जी सीट सायकलसोबत येते, तीच बारावीपर्यंत पुरवावी लागते.

मधल्या दांड्याचे नाव निघाले म्हणून आठवले, सायकलवर आणखीही एक बैठक असते आणि तिला कोणी कारागीर लाभलाच नाही. डबलसीट! पुढे दांड्यावर मूल, मागे कॅरिअरवर बायको. पोलिसाने पकडले की दंड, नाही पकडले तर दांड्याची खूण दोन दिवस मांडीवर. हौशी बाप दांड्याला चिमुकली सीट बसवून घेत, बाकीचे टॉवेल गुंडाळीत.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही सीट घ्यावी तरी कोणती? ब्रुक्सची घ्या असे म्हणणे फुकाचे आहे. ती आज एका साध्या काळ्या सायकलच्या अख्ख्या किमतीहून महाग आहे आणि भाईंदरच्या पावसात तिची आबाळ होईल. मी सांगतो ते बिनपैशाचे आहे. भांड्यांच्या गाळ्यांबाहेर खोक्यांचा नळीदार पुठ्ठा पडलेला असतो. त्याचा एक तुकडा घरी आणा, कठीण पायरीवर ठेवा, त्यावर गुडघे थोडे उचलून बसा, जरा पुढे झुका आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. सीटची मागची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी. ताठ बसून चालवणाऱ्याला आणखी थोडी जास्त, कारण ताठ बसणाऱ्याचा सारा भार मागे येतो. शर्यतवाल्याची सीट सुरीच्या पात्यासारखी आणि दूधवाल्याची पाटासारखी का, ते यावरून कळेल. शर्यतवाला पुढे ओणवा असतो, त्याचा भार हातांत आणि पायांत वाटला जातो. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या शर्यतीत आळीपाळीने सायकल चालवीत सुमारे ४,८०० किलोमीटर गेले ते नऊ दिवसांच्या आत. त्यांना दूधवाल्याची सीट दिली असती तर मांड्या सोलून निघाल्या असत्या. आणि दूधवाल्याला त्यांची सीट दिली तर तो दुसऱ्या गल्लीत उतरून सायकल ढकलू लागेल.

उंचीचा नियम पुस्तकांत असा सांगतात: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट याहून उंच असली तर कंबर दोन्ही बाजूंना डोलते आणि कातडी घासते. ठेंगणी असली तर पाय भार घेत नाहीत, सगळा भार बुडावर येतो आणि गुडघेही दुखतात. नियम बरोबर आहे. पण तो ओझे न वाहणाऱ्यासाठी आहे. कॅरिअरला दोन कॅन लावलेला माणूस गोडदेव नाक्याच्या गर्दीत थांबतो तेव्हा त्याला दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावे लागतात, नाहीतर दूध रस्त्यावर. म्हणून तो सीट जाणूनबुजून ठेंगणी ठेवतो आणि दुखणे पत्करतो. त्याला पुस्तकातला नियम शिकवायला जाऊ नये. त्याने एवढे केले तरी पुरे: सकाळी भरलेल्या कॅनांनी निघताना सीट खाली, रिकाम्या कॅनांनी लांबच्या वाटेने परतताना चार बोटे वर. एक पाना आणि अर्धे मिनिट. दांडीवर एक आडवी खूण कोरलेली असते, तेवढी मात्र फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडी आत फार थोडी उरली असे समजावे, ती वाकते किंवा मोडते.

कलाचेही असेच. पुष्कळ सायकलींची सीट टोकाकडे वर उचललेली दिसते, कारण नट सैल पडून मागची बाजू खाली बसलेली असते. मग टोक टोचते, आणि माणूस जाऊन स्पंजाचे कव्हर आणतो. कव्हरावर पैसे घालण्याआधी पंक्चरवाल्याकडे जा, सीटखालचा नट सैल करून घ्या, सीटवर एक पट्टी आडवी ठेवून टोक आणि मागची कड एका पातळीत आणा आणि नट पक्का आवळा. स्प्रिंगांना आणि नटाला तेलाचे दोन थेंब द्या, खारा वारा तेवढाच लांबेल. असे आठवडाभर चालवा. पुढे टोक अर्धे बोट खाली-वर करून आणखी आठवडा. त्यानंतरही मुंग्या आल्या तर पुठ्ठ्याचे माप खिशात घालून सीट घ्यायला निघा, आणि दुकानात अंगठ्याने दाबून पाहू नका. दुकानदार नाही म्हणेपर्यंत तिच्यावर बसून राहा.